मिनिटात मावणारं वाचन

वर्गात पाऊल टाकलं की साहेब आधी मोबाईल काढत, त्यातलं घड्याळ लावत आणि हात वर करून म्हणत, "हं, सुटू द्या गाडी!" की पोरांनी वाचत सुटायचं. मिनिटात ज्याचे शब्द जास्त, तो हुशार.

असे साहेब तुमच्याही पाहण्यात असतील. हे कडेगावकडचे, आमच्या जत तालुक्यात केंद्रप्रमुख म्हणून आलेले. वाचनाचा वेग वाढवायचा, एवढाच ध्यास. अर्थाचं विचारलं की म्हणायचे, "आवं बाई, अर्थ कुठं पळून चाललाय? आधी पोरं पळू द्यात!" स्वतः मात्र पेपरातलं राशिभविष्य ओळीवर बोट ठेवून, चहा गार होईपर्यंत वाचत बसायचे.

त्यांच्या कृपेने पोरं पूर्णविराम गिळायला शिकली. वाघ कुठे संपला आणि शेळी कुठे सुरू झाली, कुणाला पत्ता नाही.

माझ्या तिसरीत मेंढपाळाच्या घरची एक मुलगी होती. घरी कन्नड. ती मराठी वाक्य वाचायची, थांबायची, ओठांतल्या ओठांत तेच कन्नडमध्ये स्वतःला सांगायची आणि मग हसायची, नाहीतर घाबरायची. अख्ख्या वर्गात गोष्ट कळत होती ती तिला एकटीला.

साहेबांनी तिला ऐकलं. "लय रेंगाळतीय पोरगी. ह्ये मधलं पुटपुटणं बंद करा."

"साहेब, त्या पुटपुटण्यामुळेच तिला कळतं."

"कळलेलं मोजता येतं का, बाई?"

मी भांडले. त्यांनी मला चहा पाजला.

वरून तपासणी यायची होती. साहेब रोज तिच्यासमोर बसून सराव घेऊ लागले. मध्ये ओठ हलले की बाकावर टकटक. न थांबता वाचलं की स्वतःच्या खिशातली लिमलेटची गोळी. पोरांवर माया होती हो त्यांची, म्हणून तर धड रागावताही यायचं नाही.

तपासणीला पोरगी सुसाट सुटली. टाळ्या पडल्या. साहेबांचे डोळे भरून आले, आणि थोड्याच दिवसांत बढती घेऊन ते साताऱ्याला गेले.

काल मी तिला नवी गोष्ट दिली. आईपासून चुकलेल्या कोकराची, मुद्दाम तिच्या ओळखीच्या जगातली. तिने ती एका दमात वाचली. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"काय झालं गं गोष्टीत?"

तिने पानाच्या तळाशी बघितलं.

"गोष्ट संपली, बाई."