तोंडी हजेरी

प्राचीचं सगळं आयुष्य कागदावर. दूध कोणत्या तारखेला उतू गेलं, तेही तिच्या वहीत सापडायचं. आई म्हणायची, "ही जेवली का न्हाई, ते वहीत बघूनच सांगंल." शिरूरच्या कॉलेजात कॉमर्स शिकताना तिला एक वाक्य फार पटलं: कागद नाही, तर नोंद नाही. त्याचा तिनं सोयीचा अर्थ लावला, की तोंडी बोललेलं धरायचंच नसतं.

त्यामुळे वैष्णवीची हजेरी द्यायला तिला काडीचं वाईट वाटेना. ही तिच्या गल्लीतली मैत्रीण रांजणगावला कंपनीत फर्स्ट शिफ्टला जायची, घर तिच्याच पगारावर. पंचाहत्तर टक्के हजेरी भरली नाही, तर परीक्षेचा फॉर्म नाही आणि वर्ष पाण्यात. सुलक्षणा मॅडमनी वैष्णवीचं नाव पुकारलं, की प्राची मान खाली घालून बारीक आवाजात "हजर" म्हणायची. मग वहीत तारीख टाकायची. आता हिला खोटारडी म्हणायचं की प्रामाणिक, तुम्हीच ठरवा.

फेब्रुवारीत मॅडमनी वर्गात प्रश्नावली वाटली. हिशेब शिकणाऱ्या मुलांचा स्वभाव आणि सचोटी यावर त्यांची पीएचडी चालली होती. "नाव नाही लिहिलं तरी चालेल," त्या म्हणाल्या.

'मैत्रीसाठी कधी खोटं बोललात का?' सगळ्या वर्गानं बिनदिक्कत 'नाही'वर खूण केली. प्राचीचं पेन अडलं. कागदावर खोटं लिहायचं? तिनं वही काढून मोजलं आणि लिहिलं: हो. एक्याऐंशी वेळा, वैष्णवीची हजेरी. वर नावाची जागा रिकामी होती. ती तिला बघवेना, म्हणून तीही भरली.

मॅडमना वाईट वाटलं. पण कळल्यावर डोळेझाक करणं त्यांच्याही स्वभावात नव्हतं. एक्याऐंशी हजेऱ्या खोडल्या गेल्या. प्राचीला ताकीद मिळाली, वैष्णवीला फॉर्म मिळाला नाही.

निकालात प्राचीला फर्स्ट क्लास मिळाला. दुसऱ्या दिवशी पहाटेच ती कंपनीच्या बसथांब्यावर गेली. वैष्णवी डबा घेऊन उभी होती.

"वैष्णवे, चुकलं माझं."

"तोंडी नगं," बसमध्ये चढता चढता वैष्णवी म्हणाली, "तोंडी तुझ्याकडं धरत न्हाईत. लिहून दे."

प्राचीनं वही काढली, तारीख टाकली. पुढचं वाक्य सुचेपर्यंत बस गेली होती.