मानेवर आबांचा हात

आमचे आबा, म्हणजे वडील, तरुणपणी मेंढरांमागं फिरले. पुढं खुटबावजवळ जमीन झाली, कालव्याचं पाणी आलं, मेंढरं विकली. हाताची सवय मात्र राहिली. मेंढराच्या जबड्याखाली सूज आली की ते दोन बोटांनी चाचपून सांगायचे, हे जगंल का जाईल. आईच्या गळ्याला गाठ आली तेव्हा त्यांनी हात लावला नाही. विहिरीच्या पाण्यानं असं होतं, असं सगळेच म्हणायचे. दोन-तीन वर्षांत आई गेली.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस दादाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या गळ्याला तशीच गाठ आली. पुण्यात ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, थायरॉइडचा हा कॅन्सर घराण्यात उतरतो. बाकीच्या भावंडांचं रक्त तपासा. कॅल्सिटोनिन नावाचं एक हार्मोन असतं, गाठ हाताला लागायच्या आधीच ते रक्तात वाढतं.

त्या दिवसापासून आबा रोज सकाळी ओट्यावर बसून आम्हाला समोर बसवायचे आणि माना चाचपायचे. आधी दादा, मग मी. आमची बहीण अक्का कवठे येमाईला सासरी असायची, ती आली की तीही. आबांचा हात खरखरीत होता. लहानपणीसुद्धा त्यांनी मला इतक्या वेळा हात लावला नव्हता.

अक्का आणि मी उपाशीपोटी पहाटेच्या गाडीनं पुण्याला गेलो. रक्त काढल्याबरोबर तिथल्या माणसानं नळ्या बर्फात खोचल्या.

"मासळीवानी ठिवलं की रं आपल्याला," अक्का म्हणाली, आणि आम्ही त्या बाकावर तोंड दाबून हसलो. परत येताना स्टेशनवर भजी खाल्ली. आम्ही दोघं एकसारखे होतो, तो शेवटचा दिवस.

रिपोर्ट आले. अक्काचा आकडा चढलेला होता. माझा इतका खाली की मशीनला मोजताही आला नव्हता. मला आधी सुटल्यासारखं वाटलं आणि त्यानंतर मी अक्काच्या तोंडाकडं पाहिलं. आधी काय आणि नंतर काय, ते मी आजवर विसरलेलो नाही.

अक्काचं ऑपरेशन वेळेवर झालं. तिचा आकडा उतरला आणि खालीच राहिला. दादाचा पुरता कधीच उतरला नाही. दर काही महिन्यांनी अक्का माहेरी यायची आणि ती दोघं तपासणीला जायची. मी सोबत जायचो, पिशवी धरायचो. गाडीत ती दोघं आकड्यांबद्दल, आवाज बसण्याबद्दल, हाताला मुंग्या येण्याबद्दल बोलायची. मी काही विचारलं की दादा म्हणायचा, "तुला न्हाई कळायचं."

घरी ती दोघं सकाळी थायरॉइडची गोळी घ्यायची. त्यानंतर बराच वेळ चहा चालायचा नाही. मी चुलीजवळ एकटा चहा प्यायचो. एकदा म्हणालो, "मीबी थांबतो तुमच्यासंगं."

"कशापायी? तुझं रगात कुनाचं हाय काय म्हाईत," अक्का हसत म्हणाली. "आमच्या आईचं तरी दिसत न्हाई."

ती थट्टाच करत होती. पण ते बोलणं माझ्या मनात रुतून बसलं. आईकडून त्या दोघांना काहीतरी मिळालं होतं, वाईट का होईना. असलं काही मनात यावं याची मला लाज वाटायची, आणि तरी ते यायचं.

रिपोर्ट आल्यापासून आबांनी माझी मान चाचपणं सोडलं होतं. अक्का-दादा समोर बसायची, टाक्यांच्या वणाच्या आजूबाजूला बोटं फिरायची. मी दारात उभा राहून शर्टाची बटणं लावायचो आणि कुरकुंभला कारखान्यात कामावर निघून जायचो.

दादा गेला. त्याच्या आजाराची ही एवढी एकच बातमी मी कारखान्यात सांगितली. नंतर आबांची नजर अधू झाली. अक्का आली की मात्र ते ओट्यावर बसून हाक मारायचे.

अशाच एका सकाळी अक्का गोळी घेऊन मागं न्हाणीत गेली होती. आबांनी हाक मारली, "ये गं बाय, बघू." मी सांगायला हवं होतं. पण मी गप जाऊन त्यांच्यासमोर बसलो आणि मान वर केली.

त्यांची दोन बोटं जबड्याखालून हळूहळू उतरली. गळ्याच्या खळगीपाशी येऊन थांबली, आडवी फिरली, पुन्हा फिरली.

"टाकं कुठं गेलं?" ते घाबरून म्हणाले.

"आबा, मी हाय."

त्यांनी हात काढून घेतला नाही, निदान लगेच नाही. माझ्या दाढीवरून एकदा फिरवला, ओळख पटवल्यासारखा. मग म्हणाले, "तू व्हय? ऊठ की मग. तुला काय झालंय!"

इतक्यात पदराला हात पुसत अक्का आली. मी उठलो, तिला जागा दिली आणि चुलीवर माझ्यापुरता चहा ठेवला.