खिळ्यांच्या जखमांवरची हळद
तेलात हळद तापली, की मला वारंगा फाट्याजवळचं आमचं घर आठवतं. दवाखान्यातल्या ख्रिस्ती नर्सबाईंनी आईला येशूचं कॅलेंडर दिलं होतं. "देव हाय म्हणं त्यो," आई म्हणाली. "आपुन बौद्ध. देव मानत न्हाई. चांगला माणूस म्हण," बाबा म्हणाले. आईनं कॅलेंडर भिंतीला लावलं. एका सकाळी चित्रातल्या येशूच्या तळहातांवर हळद दिसली आणि बाबा भडकले, "पूजा करून राहिली व्हय?" "पूजा काहून करू? खिळे ठोकलेत त्याला. जखमेवर लावली," म्हणत आईनं उरलेली हळद कापूस वेचून चिरलेल्या स्वतःच्या बोटांना चोळली. येशू देव होता की माणूस, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्याला दुखलं होतं, एवढं मात्र मी मानते.