निवडून टाकलेले दाणे

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि जिला सांगायलाच हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हालाही एकदम सांगता येईल असं वाटत नाही—थोडं फिरून यावं लागेल. चालेल ना?

मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका होते. सकाळी जुळे सोलापुरातल्या फ्लॅटला कुलूप लावायचं, एसटी पकडायची, अक्कलकोटकडच्या गावांतून पोरांची वजनं बघत, आयांना आहार समजावत फिरायचं. गृहविज्ञान शिकलेली बाई. लोह, प्रथिनं असा विषय निघाला की मला थांबवणं कठीण. नवरा म्हणायचा, "निदान जेवताना तरी जेवू दे." म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. हे आधीच सांगून ठेवते.

मग सरकारी तांदळात, रेशनच्या आणि अंगणवाडीच्याही, ते दाणे यायला लागले. तांदळाच्या पिठात लोह आणि जीवनसत्त्वं मिसळून पुन्हा तांदळाच्याच आकाराचे केलेले, आणि साध्या तांदळात थोडे थोडे घातलेले. मूठभर तांदूळ हातावर पसरला की दोन-चार दिसायचे, जरा निराळे, खडूच्या रंगाचे. भाताबरोबर ते पोटात जावेत आणि पोरांचं रक्त वाढावं, एवढीच कल्पना. चांगली कल्पना होती, आजही मला ती पटते. पण आमच्याकडची कुठलीही बाई तांदूळ निवडल्याशिवाय चुलीवर ठेवत नाही, हे कुणाच्या डोक्यातच कसं आलं नाही? सूप मांडीवर घ्यायचं, उजेडाकडे तोंड करायचं आणि वेगळं दिसेल ते काढून टाकायचं. आईनं लावलेली सवय आहे, चांगली सवय आहे. आणि आम्ही पोरांची ताकद नेमकी वेगळ्या दिसणाऱ्या दाण्यात घातली! वर तांदूळ आधी पाठवला आणि माहिती मागाहून. तीही कशी? पोस्टरवर हसणारं गोरंगोमटं कुटुंब आणि खाली 'सूक्ष्मपोषक द्रव्यांनी समृद्ध'. ते पोस्टर बघितलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची.

बघा—घसरलेच मी ऑफिसवर. स्वतःच्या चुकीकडे निघालं की वाटेत दुसऱ्यांच्या चुका फार ठळक दिसतात.

माझ्याकडच्या गावांपैकी एका गावात रेणुका राहायची. दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जाणारी, थोडं मराठी थोडं कानडी बोलणारी, तरुण बाई. तिची लक्ष्मी आमच्या अंगणवाडीत होती. चार वर्षांची, पण अडीचची वाटावी. चुलीची माती खरवडून खायची, पावसाळ्यात ओली भिंत चाटायची. मी स्वतः तिची खालची पापणी ओढून बघितली होती. आत लाली म्हणून नव्हती. डॉक्टरांनी लोहाचं औषध दिलं. ते घेतलं की पोरगी ओकायची, मग रेणुकानं ते बंद केलं. भाकरीचा घास तिला जायचा नाही. आवडीनं खायची तो एकच पदार्थ—भात. नुसता, मीठ घालून. त्या दाण्यांची गरज कुणाला होती म्हणून मला विचारलं असतं, तर मी पहिलं नाव लक्ष्मीचं सांगितलं असतं.

आणि तिच्याच आईला मी काय सांगितलं?

एक दिवस तिथल्या अंगणवाडीताईचा रडवेला फोन आला. गावात मोबाइलवर व्हिडिओ फिरत होता. कुणीतरी भाताचा गोळा वळतो, जमिनीवर आपटतो, गोळा चेंडूसारखा उडतो, म्हणून तांदूळ प्लास्टिकचा. माणसं अंगणवाडीसमोर जमली होती. मी पोचले तेव्हा ताई दारात उभी होती, आणि मी शिकवलेलं सगळं एकेक करून सांगत होती. तिचं कुणी ऐकत नव्हतं. एकानं मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. "ह्यो प्लॅश्टिकचा हाय का न्हाय, तेवढं बोला की!" दुसरा म्हणाला, "सोलापुरात तुमच्या पोरास्नी घालताय व्हय हे?"

मी घाबरले होते, हे खरं आहे. आजपर्यंत मी स्वतःला तेच सांगत आले. एकटी बाई, भोवती चिडलेली माणसं, दुसरं काय करणार? अशी ती गोष्ट मी मनात इतक्यांदा घोळवली आहे की ती आता अगदी गुळगुळीत झाली आहे.

पण खरं तसं नाही झालं. आता येते तिथे.

मी बोलत राहिले तशी माणसं थंड झाली. कुठल्याही भाताचा गोळा उडतो, हेही मी सांगितलं, एक-दोघे हसले. मोबाइलवाला खिशात मोबाइल टाकून पिंपळाखाली जाऊन बसला. मग मागून रेणुका पुढे आली, लक्ष्मीला कडेवर घेऊन. तिचा आवाज चढलेला नव्हता, तिला भांडायचंही नव्हतं. ती म्हणाली, "म्याडम, मला त्यातलं काय कळत न्हाय. तुमी सांगाल तसं करतो. हिला देऊ का नको?"

 ती ऐकायला तयार होती—सगळं गाव ऐकायला तयार होतं. मला एवढंच म्हणायचं होतं, 'दे. एकही दाणा काढू नकोस.' अंगणवाडीतल्या तांदळातले चार दाणे उचलून तिच्यासमोर चावून दाखवले असते तरी पुरलं असतं. मग अशा वेळी मी ते का म्हटलं नाही? मला कंटाळा आला होता. भीती नव्हे हो, कंटाळा! पुन्हा पहिल्यापासून समजवा, पुन्हा कुणीतरी शंका काढणार, पुन्हा तोच व्हिडिओ. डोकं दुखत होतं, परतीची एसटी चुकली असती. आणि मनात कुठेतरी असंही आलं—ह्यांना सांगून काय उपयोग? हे शेवटचं वाक्य सांगताना मला लाज वाटते, पण ते आलं होतं.

मी म्हणाले, "शंका वाटत असेल तर निवडून टाका ते दाणे. काही बिघडत नाही."

सगळ्यांचे चेहरे सैल झाले. ताईनं मान खाली घातली. कुणीतरी चहा आणला, मी तो प्याले आणि एसटी पकडली. वेळ मारून नेली, याचं मला बरंसुद्धा वाटलं.

दुरुस्त करता आलं नसतं का? सहज आलं असतं. पुढच्या महिन्यात गेले तेव्हा रेणुकानं कौतुकानं वाटी दाखवली होती—निवडून काढलेले दाणे, कोंबड्यांसाठी. "एक पण ऱ्हाऊ देत न्हाय," म्हणाली. तेव्हाच म्हणायचं, 'रेणुका, मी चुकीचं सांगितलं.' जीभ रेटली नाही. ताई बायांना सांगायची, निवडू नका, तर त्या म्हणायच्या, "तू मोठी का म्याडम मोठ्या?" ताईनं हे मला फोनवर सांगितलं आणि थांबली. मी वजनकाट्याचं विचारलं. दुसऱ्या गावांत मात्र मी दाणे चावून दाखवायचे, टाळ्या मिळवायचे. रेणुकाच्या गावात मी पोस्टर पाठवलं.

ते दाणे खाऊन लक्ष्मी ठणठणीत झाली असती का? माहीत नाही. या 'माहीत नाही'चा आडोसाही मी बरीच वर्षं घेतला.

गेल्या वर्षी निवृत्त झाले. गावातल्या बायांनी बोलावून खण-नारळानं ओटी भरली. रेणुकानं हात धरून जेवायला नेलं. नाही म्हणूच दिलं नाही. दारात लक्ष्मी सूप मांडीवर घेऊन बसली होती. आता शाळेत जाते, पण शाळेतून आली की झोपून असते, खेळायला जात नाही, असं रेणुका चुलीपाशी बसून सांगत होती. पोरगी माझ्याकडे बघून हसली. तिच्या हिरड्या पांढुरक्या होत्या. मग मान घालून ती पुन्हा निवडायला लागली. फिक्या नखांनी, पटापट, एकेक खडूच्या रंगाचा दाणा शोधून बाहेर. अंगणात कोंबड्या थांबल्या होत्या.

"तिलाच जमतं बगा," रेणुका म्हणाली. "तुमी शिकवलं तसंच करतो आमी अजून. आज तर तुमच्यासाठनं दोनदा निवडाय लावला."

ताटात पांढराशुभ्र भात आला. लक्ष्मी माझ्या शेजारी बसली, तोच भात मीठ घालून खाऊ लागली. सांगायला याहून चांगली वेळ कुठली होती? आम्ही तिघीच होतो. कुणी चिडलेलं नव्हतं. एसटीलाही वेळ होता.

मी भात खाल्ला. छान झालाय म्हणाले, आणि आणखी थोडा मागून घेतला.