लातूरच्या माणसाला पाणी जास्त झालं

"यांच्या अंगात पाणी जास्त झालंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आणि मला हसू फुटलं. आत अतिदक्षता विभागात नवरा भ्रमात काहीबाही बडबडतोय, बाहेर मी मुंबईतल्या त्या परक्या इस्पितळात एकटी उभी, आणि हसतेय! "मॅडम, आम्ही लातूरचे," मी म्हटलं. "आमच्याकडे रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आम्हाला कुठलं पाणी जास्त व्हायला?"

त्या काही हसल्या नाहीत. मला त्यांनी बाकावर बसवलं. या आजाराला हायपोनॅट्रेमिया म्हणतात. आपल्या रक्तात मीठ असतं, त्याला डॉक्टर लोक सोडियम म्हणतात. थोड्या वेळात फार पाणी पोटात गेलं की ते मीठ पातळ होतं. "वरणात पाणी जास्त पडलं की ते अळणी लागतं ना? तसं रक्त झालंय. मग ते पाणी मेंदूत शिरतं आणि मेंदूला सूज येते. पुढचे काही तास नाजूक आहेत. ते कदाचित तुम्हाला ओळखणार नाहीत." मग मात्र माझं हसू पळालं.

तुमच्या घरात कुणाला पळायचं वेड असेल तर हे जरा बैजवार वाचा. मला आधी कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

माझे मालक मूळचे उदगीरचे. लातूरला आमचं भांड्यांचं दुकान आहे. त्यांना सगळे अप्पा म्हणतात, मीही अप्पाच म्हणते. पन्नाशीपर्यंत हा माणूस बस पकडायलासुद्धा कधी पळाला नव्हता. दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत पहाटे टँकर यायचा. अप्पा घागरी रांगेत लावायचे आणि नंबर येईपर्यंत शेजारच्या मैदानाला चकरा मारायचे. आधी चालत, मग पळत. पाऊस पडला, टँकर बंद झाला, पण पळणं काही बंद झालं नाही.

रांगेच्या बाबतीत मात्र ते लई कडक. सख्ख्या भावालासुद्धा मध्ये घुसू दिलं नाही. एकदा मला घाई होती, घरी पाहुणे बसले होते, तर चारचौघांत मला म्हणाले, "मागं थांबायचं. नंबर म्हंजे नंबर!" मी दोन दिवस बोलले नव्हते त्यांच्याशी.

मग मोबाईलवर मोठमोठ्या मॅरेथॉन बघायचा नाद लागला. न्यूयॉर्क, लंडन, बर्लिन, टोकियो, बोस्टन, शिकागो. सकाळी इष्टलिंगाची पूजा झाली की पूजेइतक्याच भक्तीनं ही नावं घ्यायचे. "अगं, बघ तर! पन्नास पन्नास हजार माणूस एका रस्त्यावर पळून राहिलाय, आन् कुणी कुणाला ढकलंना!" मी म्हणायची, "तुम्ही आधी दुकानाच्या पायऱ्या नीट उतरा." नांदेडला दहा किलोमीटर पळून मेडल आणलं, ते गल्ल्यावर टांगलं. गिऱ्हाइकाला सांगायचे, "उदगीर एकदा जिल्हा हू द्या, तिथंबी भरवू आपण मॅरेथॉन. लंडनवाले येतील बघा." गिऱ्हाईक तोंड दाबून हसायचं आणि घागरीचा भाव पाडून मागायचं.

लंडन काही आपल्याला परवडणारं नाही. म्हणून जानेवारीत मुंबईला गेलो. पूर्ण बेचाळीस किलोमीटर! मी शेवटच्या रेषेजवळ उभी राहिले. लोक आले, गेले, ऊन तापलं, तरी अप्पांचा पत्ता नाही. सहा तास होऊन गेल्यावर दिसले. झोकांड्या खात येत होते. चेहरा सुजलेला, बोटं इतकी फुगलेली की अंगठी मांसात रुतली होती. पहिलं वाक्य काय तर, "पाणी टाकून देऊन राहिलेत गं लोकं!"

झालं होतं ते असं. वाटेत ठिकठिकाणी पाण्याची टेबलं. पळणारे बाटली घेतात, दोन घोट पितात आणि उरलेली रस्त्यावर फेकतात. आमच्याकडे पाहुण्याला आधी अर्धा ग्लास देतात, आणि दिलेला ग्लास शेवटच्या थेंबापर्यंत संपवायचा असतो. पाणी उष्टं टाकलं तर माझ्या सासूबाई जेवायला वाढत नसत. त्यात आम्ही काढलेला तो दुष्काळाचा उन्हाळा! अप्पांनी प्रत्येक टेबलावर बाटली घेतली आणि प्रत्येक बाटली संपवली. तहान असो नसो. कुणी प्रेमानं पुढं केलेलं पाणी नको कसं म्हणायचं, आणि घेतलेलं टाकायचं कसं? पोट डब्ब झालं, मळमळायला लागलं, डोकं ठणकलं. त्यांना वाटलं, ऊन लागतंय. म्हणून आणखी प्यायले.

मलाही तेच वाटलं. मी पिशवीतली बाटली काढून त्यांच्या तोंडाला लावणार, एवढ्यात तिथल्या वैद्यकीय तंबूतला एक पोरगेला डॉक्टर धावत आला. त्यानं त्यांची बोटं बघितली आणि माझा हात धरला. "मावशी, थांबा. एक घोटही देऊ नका." मी त्याच्यावर खेकसले, तहानलेल्या माणसाला पाणी नको म्हणतोस म्हणून. तेवढ्यात अप्पांना झटका आला. तोंडाला फेस. त्या लेकरानं माझा हात धरला नसता तर काय झालं असतं, हे मनात आणायचीही माझी हिंमत होत नाही. त्याचं नावही मला ठाऊक नाही, पण रोज दिवा लावताना त्याच्यासाठी हात जोडते.

उपचार म्हणजे मिठाचं घट्ट सलाईन, थ्री पर्सेंट सलाईन. आधी थोडं भरभर देतात, मग अगदी मापात. मीठ एकदम वाढलं तरी मेंदूला धोका. थोड्या थोड्या वेळानं रक्त काढायचे, तपासायचे. पाणी पूर्ण बंद.

मला आत सोडलं तेव्हा डोळे उघडे होते, पण नजर ओळखीची नव्हती. ओठ कोरडे पडलेले. "पाणी," म्हणाले. मी नाही म्हटलं. पुन्हा मागितलं, पुन्हा नाही म्हटलं. त्या उन्हाळ्यात एकेक तांब्या मोजून वापरला, पण या माणसाला पाणी नाही म्हणायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. जीव नुसता तुटत होता.

मग ते पलंगाच्या कडेला चाचपायला लागले. "घागर कुठाय? नंबर गेला का?" मी म्हटलं, "अप्पा, मी आहे." माझ्याकडे निरखून बघितलं. "बाई, तुमचा कितवा नंबर?" ते बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "लई दमलेल्या दिसून राहिल्या तुम्ही. माझ्या जागी लावा घागर. मी थांबतो मागं."

तीस वर्षांच्या संसारात मी एवढी कधी रडले नव्हते. मी कोण हेही त्या माणसाला ठाऊक नव्हतं, आणि तरी त्यानं आपला नंबर मला दिला.

दुसऱ्या दिवशी मीठ जागेवर येऊ लागलं. दुपारी डोळे उघडले आणि म्हणाले, "तू जेवलीस का न्हाई?" बस्स. माझा माणूस परत आला होता.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना सगळं समजावून सांगितलं. जगातल्या मोठ्या मॅरेथॉनमध्येही असे रुग्ण येतात. जास्त करून हळू पळणारे, कारण ते रस्त्यावर तासन्‌तास असतात आणि प्रत्येक टेबलावर पीत जातात. अप्पांचा चेहरा खुलला. "म्हंजे आपल्याला लंडनचा आजार झालता म्हणा की!" मी म्हटलं, "हाव, आता हेही गल्ल्यावर टांगा."

तर बायांनो, बाबांनो, मला एवढंच सांगायचंय. पळताना तहान लागेल तेवढंच प्या. पोट फुगलं, डोकं दुखलं, बोटं सुजली, माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर पाणी पाजू नका, आधी डॉक्टरकडे न्या. ऊन लागलंय की पाणी जास्त झालंय हे आपल्याला कळत नाही, ते त्यांना कळतं. आणि पाणी टाकवत नसेल तर ते मुळात घेऊच नका.

लातूरला घरी आलो त्या संध्याकाळी मी त्यांच्यापुढं पाण्याचा ग्लास ठेवला. दोन घोट घेतले आणि ग्लास खाली ठेवला. "तहान न्हाई," म्हणाले. पण नजर ग्लासावरून हलेना. लहान लेकरासारखं मला विचारलं, "आता ह्याचं काय करावं गं?"

मी तो ग्लास उचलला आणि उरलेलं सगळं पिऊन टाकलं.

"तुम्ही मला तुमचा नंबर दिला होता," मी म्हटलं.

"कवा?"

त्यांना काही म्हणता काही आठवत नव्हतं. "दिला होता," मी म्हटलं, आणि पदरानं तोंड पुसलं.