मंगळसूत्राखालचं पुरळ

गेल्या रविवारी सूनबाईच्या डोक्याला तेल लावायला बसले आणि शरमेनं माझीच मान खाली गेली...

राधिका लग्न होऊन आमच्याकडे आली त्याला जेमतेम तीन महिने झालेत. माहेर इथून जवळच्या देपालपूरचं, तिच्या घरात हिंदी-माळवी बोलतात. सोन्याचं मंगळसूत्र लॉकरमध्ये ठेवून रोजच्यासाठी मीच तिला पॉलिशचं छोटं घेऊन दिलं होतं.

महिन्याभरापूर्वी ते बाथरूमच्या खुंटीला लटकलेलं दिसलं. माझी जीभ मुळात तिखट... "आमच्यात सवाष्णीचा गळा असा भुंडा नसतो हो," असं सुनावलं. "सॉरी मम्मीजी," म्हणत तिनं ते लगेच घातलं.

त्यानंतर एवढ्या उकाड्यातही ती कॉलरचे कुर्ते घालायला लागली. मला वाटलं, असेल नवी फॅशन!

रविवारी तेल लावताना केस वर उचलले, तर मानेवर साखळीच्या आकाराचं लालभडक पुरळ. मध्येमध्ये पाणी सुटलेलं. मला रडूच फुटलं... मंगळसूत्र तिथल्या तिथे मीच काढून ठेवलं.

सोमवारी तुकोगंजमधल्या स्किनच्या डॉक्टरांकडे गेलो. त्या म्हणाल्या, निकलची ॲलर्जी आहे. वरचं पॉलिश झिजलं की घामाबरोबर खालचा धातू कातडीला लागतो. यापुढे चांगलं सोनं नाहीतर साधा दोरा, खोटी कानातलीसुद्धा बंद.

मग जरा चिडूनच त्यांनी विचारलं, "इतनी तकलीफ में पहने रहने को किसने कहा था?"

राधिका शांतपणे म्हणाली, "किसी ने नहीं मैडम, मुझे ही शौक था."

येताना पटव्याकडून काळे मणी सुती दोऱ्यात ओवून घेतले, मध्ये सोन्याच्या दोन नव्या वाट्या. पुरळ पूर्ण बसेपर्यंत ते डबीतच राहील. तोवर कुणी शेजारणीनं तिच्या रिकाम्या गळ्याबद्दल विचारलंच, तर उत्तर द्यायला मी आहे.

राधिका, डॉक्टरांपुढे तू मला झाकून घेतलंस... हे उपकार मी विसरणार नाही गं. घरात माफी मागायला गेले की "अरे छोड़ो ना मम्मीजी" म्हणून तू हसून उठून जातेस.

म्हणून इथे, सगळ्यांच्या समोर सांगते. घालून राहायला कुणी सांगितलं होतं? मी.