ताईच्या नव्या आवाजासाठी पिकअप

माझी ताई उमरेडला शाळेत शिकवते. लग्नानंतर ती तिकडे गेली आणि मी नागपुरातच राहिले, पण गाण्यापुरत्या आम्ही दोघी कधी वेगळ्या झालो नाही. आमच्या घरी बुद्ध-भीमगीतं रोजच्या बोलण्यासारखी होती. वडील खंजिरी घेऊन बसायचे आणि ताई परकर-पोलक्यात असल्यापासून त्यांच्यासमोर गायची. तिचा आवाज उंच, सरळ, कुठेही न डगमगणारा. वस्तीतल्या कार्यक्रमात लाइट गेली तरी तिचं गाणं थांबत नसे, कारण तिला माइकची तशी गरजच नव्हती. मी गिटार शिकले ती तिला साथ करायला. एकटीनं वाजवावं असं मला कधी वाटलं नाही.

मग तिच्या गळ्यातल्या थायरॉइडच्या गाठीचं ऑपरेशन झालं. आवाजाची नस तिथूनच जाते, आवाजात फरक पडू शकतो, हे डॉक्टरांनी आधीच नीट समजावलं होतं. गाठ काढणं भाग होतं, म्हणून आम्ही हो म्हटलं. त्यानंतर बरेच दिवस ताई नुसती कुजबुजत होती. हळूहळू बोलणं परत आलं. ती शाळेत गळ्यात लहानसा माइक अडकवून शिकवायला लागली. गाणं मात्र आलं नाही. वरच्या सुरांकडे गेली की आवाज फाटायचा आणि पुढे नुसती हवा यायची. फोनवर मी गाण्याचा विषय काढला, की ती म्हणायची, पोरांना ऐकू जातं तेवढं पुरे आहे.

एकदा ती तपासणीसाठी नागपूरला आली होती. माझ्या स्वयंपाकघरात लसूण सोलता सोलता ती गुणगुणत होती, आपण गुणगुणतोय हे तिच्याही लक्षात नसावं. मी बाहेर कपडे वाळत घालत होते, हातातला टॉवेल तसाच धरून उभी राहिले. आवाज खूप खाली होता, थोडा खरखरीत, पण सुरात होता. मी आत गेले नाही. गेले असते तर ती थांबली असती.

त्यानंतर मी तिला खालच्या पट्टीत गाऊन पाहायला राजी केलं. तेव्हा अडचण माझ्या गिटारची निघाली. पूर्वी ताईचा आवाज वर आणि माझी गिटार खाली, असं आमचं ठरलेलं होतं. आता तिचा आवाज उतरून माझ्याच तारांमध्ये येऊन उभा राहिला. मी वाजवलं की ती दबून जायची. मला तिच्याही खाली जायला हवं होतं. म्हणून मी बॅरिटोन गिटार शोधायला लागले. ती साध्या इलेक्ट्रिक गिटारपेक्षा लांब मानेची आणि जाड तारांची असते आणि बऱ्याच खालच्या सुरात लावतात. नागपूर सोडून निघालेल्या एका रॉक बँडवाल्याकडे ती मिळाली. लाकूड उत्तम होतं. पण त्यातले पिकअप दणदणाटी संगीतासाठीचे होते. खालचा कॉर्ड, म्हणजे तीन-चार सूर एकत्र, वाजवला की सगळे सूर घट्ट पिठल्यासारखे एकमेकांना चिकटायचे.

पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेलं चुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे असंख्य वेढे. गिटारची तार हलली की तिचं हलणं तो पकडतो आणि त्याचाच पुढे आवाज होतो. मी बुटीबोरीच्या एका कापडाच्या कारखान्यात बॉबिनवरचा धागा तपासायचं काम करते. ज्या रिळावर ती तांब्याची तार गुंडाळतात त्यालाही बॉबिनच म्हणतात हे वाचलं, तेव्हा मला एकदम ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं.

कंपनीच्या बसमध्ये जाता-येता मी कानात हेडफोन घालून निरनिराळे पिकअप ऐकायला लागले. ऐकावं तितका गोंधळ वाढत गेला. प्रत्येक जण आपापल्या गिटारवर, आपापल्या खोलीत एकटाच वाजवत होता. कुणाच्या शेजारी कुणी गात नव्हतं. शेवटी दोन प्रकार उरले. पहिला तारेच्या दोन वेटोळ्यांचा, कमी ताकदीचा. त्याचा आवाज गोल, मऊ आणि त्यात घरघर अजिबात नाही. दुसरा एकाच वेटोळ्याचा, पण गिटारमधल्या त्याच खाचेत बसेल अशा मापाचा. त्यात प्रत्येक तार वेगळी ऐकू यायची, मात्र ट्यूबलाइट, पंख्याचा रेग्युलेटर असं जवळपासचं सगळं त्यात बारीक गुणगुणायचं.

माझं मन पहिल्यावर बसलं होतं. त्याचं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. ताईचा आवाज जिथे तडकतो तिथे खाली कापूस पसरल्यासारखा तो गोल सूर राहील, ऐकणाऱ्याला तडा कळणार नाही, असं मला वाटत होतं.

मनीषनगरात आमच्या गल्लीच्या मागे एक गृहस्थ राहतात. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवतात आणि घरच्या पुढच्या खोलीत गिटारी दुरुस्त करतात. दोन्ही प्रकारचे पिकअप त्यांच्याकडे होते. दोन्ही एकामागून एक त्याच जागी, मानेजवळच्या खाचेत, तात्पुरते जोडून दाखवायला ते तयार झाले. दोन्हीपैकी कुठला घ्यावा, असं मी त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, माझ्या कानाला काय आवडतं ते सांगेन, पण गाणार मी थोडाच आहे, गाणारीला घेऊन या.

म्हणून पुढच्या खेपेला ताई आली तेव्हा तिला तिथे नेलं. अनोळखी माणसासमोर गायचं म्हणून ती आधी कावरीबावरी झाली. त्या गृहस्थांनी ते ओळखलं आणि चहा सांगायला आत गेले, ते बराच वेळ आतच थांबले.

आधी मऊ पिकअपवर वाजवलं. ताईनं दोन ओळी म्हटल्या, मान हलवली, छान आहे म्हणाली. माझ्या दृष्टीनं काम झालं होतं, तरी आलोच आहोत तर दुसरा ऐकू म्हणून तोही जोडून घेतला. ट्यूबलाइटची घरघर लगेच सुरू झाली. दुसऱ्या ओळीला ताईचा आवाज फाटला आणि त्या रिकाम्या खोलीत तो फार उघडा पडला. मी तारांवर हात ठेवला आणि पहिलाच बरा म्हटलं. ती म्हणाली, परत वाजव. या वेळी ती सावकाश गायली. त्या जागेवर आली, थांबली, खालून सूर धरला आणि पुढे गेली.

"पहिल्यात मले माझा आवाज ऐकूच येऊन नव्हता राहिला," ती म्हणाली. "तू खालून इतकं भरून टाकते, की मी कुठं घसरली तेच समजत नाही."

"तेच तर पाहिजे होतं मले," मी म्हणाले. "कोणाले समजू नये म्हणून."

"काहून वं? लोकायले नाही समजलं तर नाही समजलं. पण मले तर समजलं पाहिजे. घसरली कुठं हेच नाही समजलं, तर तिथून वर कशी येऊ मी?"

इतके दिवस मी बसमध्ये जे ऐकत होते ते सगळं ऐकणाऱ्याच्या बाजूनं होतं. गाणाऱ्यालाही ऐकावं लागतं, आणि आजारातून उठलेल्या गळ्याला तर जास्तच, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी तिची काळजी घेत होते, पण ती आता कधीच पूर्वीसारखी गाणार नाही हे धरून चालले होते. तिनं मात्र नव्या आवाजाची वाट शोधायला केव्हाच सुरुवात केली होती.

आम्ही दुसरा पिकअप घेतला. त्या गृहस्थांनी खाचेला आतून तांब्याचा पातळ पत्रा लावून घरघर बरीच कमी केली. उरलेली, ट्यूबलाइटकडे जरा तिरकं बसलं की जवळजवळ जाते.

बुद्धपौर्णिमेला संध्याकाळी विहाराच्या अंगणात ताई गायली. एकच गाणं म्हणणार असं तिनं बजावून सांगितलं होतं. तिनं खालून सुरुवात केली तेव्हा पुढे बसलेल्या बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. त्यांच्या कानात जुनी ताई होती. कडव्यात एकदा आवाज तडकला. मला तो स्पष्ट ऐकू आला, म्हणून मी पुढचा सूर धरून ठेवला आणि ती त्यावर आली. कार्यक्रमानंतर शेजारच्या मावशींनी काळजीनं विचारलं, आवाज बसला का वं तुया?

ताई म्हणाली, "बसला नाही मावशी. खालच्या मजल्यावर राहाले गेला."

मावशी हसल्या, ताईही हसली. ऑपरेशननंतर आपल्या आवाजाबद्दल ती पहिल्यांदाच हसली होती.

आता ती महिन्यातून एखाद्या रविवारी येते आणि आम्ही बसतो. सगळी गाणी परत आली नाहीत. वडिलांचं आवडतं एक गाणं आम्ही अनेक पट्ट्यांत लावून पाहिलं. खाली आणलं की त्याचा आनंदच जायचा, ते दुःखाचं व्हायचं. शेवटी ताई म्हणाली, हे राहू दे. वस्तीतली एक तरुण मुलगी ते वरच्या पट्टीत फार सुंदर म्हणते. ती गाते तेव्हा ताई तिच्यामागे बसून खालचा सूर धरते.